श्रेयनामावलीतली एक ओळ

चार वर्षांत तीन गेम बाजारात गेले आणि एकातही माझं नाव नाही. हे गाऱ्हाणं सुरू केलं की समोरचा म्हणतो, "अगं, पण गेम खेळायचा पगार मिळतो तुला, मज्जा आहे!" मज्जा? डोंबलाची मज्जा.

मी व्हँकुव्हरला एका जपानी गेम कंपनीचं काम करते. त्यांचे ते लांबलचक रोल-प्लेइंग गेम. तलवारवाला नायक, सात गावं, आणि प्रत्येक गावात दहादा तेच वाक्य बोलणारा एक म्हातारा. काम कंपनीचं, पण पगार एजन्सीचा, त्यामुळे आम्ही ना घरचे ना पाहुणे. जपानी संवाद आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून खेळायचं आणि चूक दिसली की तिकीट टाकायचं, म्हणजे कंपनीकडे तक्रार नोंदवायची. दुकानदारीण नायकाला एकदा 'बाळा' म्हणते, पुढच्याच वाक्यात 'महाराज'. मी तिकीट टाकलं. जपानहून उत्तर आलं, 'हे असंच अपेक्षित आहे.' कपाळ! पुण्यात पाच वर्षं पहाटेच्या क्लासला सायकल मारत जपानी शिकले ती या एका वाक्यासाठी का?

या धंद्यात गेमच्या शेवटी जी नावं सरकत जातात, तीच तुमची पावती. पुढच्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच असतो, क्रेडिट कुठंय? पहिल्या दोन वेळा गेम यायच्या महिनाभर आधी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, म्हणून नाव नाही. तिसऱ्यांदा नुसतंच 'टेस्टिंग टीम' असं छापलं. चौथ्यांदा मात्र मी भांडले. आमची लीड, एक गोरी बाई, बिचारी शांत आहे. तिच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, या वेळी नाव नसेल तर मी दुसरीकडे अप्लाय करायला मोकळी. ती लागली कंपनीच्या मागे आणि अखेर जपानहून फॉर्म आला. एकच रकाना होता. श्रेयनामावलीत हवं तसं नाव लिहा.

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, जपानी लोक आडनाव आधी लिहितात, आपणही शाळेच्या हजेरीपटापासून बोर्डाच्या सर्टिफिकेटपर्यंत आडनाव आधीच लिहितो. वा, जमलं की! आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं नाव, असं ऐटीत लिहिलं. पंधरा दिवसांनी तपासायला यादी आली. शेकडो नावं होती. मी आडनाव टाकून सर्च केलं, ते सापडलं, 'ओके' कळवून टाकलं.

बाबा पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, पण एकाही पुस्तकात त्यांचं नाव नाही. लहानपणी मला याचा फार राग यायचा. नवीन पुस्तक घरी आलं की मी पहिल्या पानापासून त्यांचं नाव शोधायची. ते म्हणायचे, "अगं, मला कशाला शोधतेस? चुका शोध." मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

गेम आला. कंपनी फुकट प्रत देत नाही, म्हणून डिस्क मीच विकत आणली. शेवटच्या लढाईच्या दाराशी गेम सेव्ह करून ठेवला आणि शनिवारी सकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळ, आई-बाबा चहा घेऊन सोफ्यावर. राक्षस मारला. नावं वर सरकायला लागली.

"आलं, आलं!" आई ओरडली आणि तिने बाबांकडे बघितलं.

पडद्यावर आमचं आडनाव होतं आणि त्याच्यापुढे बाबांचं नाव. बस्स. मधली मी गायब.

त्यांच्या पद्धतीत नाव दोनच शब्दांचं. पहिला घेतला, शेवटचा घेतला, मधला गाळला. मी इतकी चिडले की कंट्रोलर कोचावर फेकला. दुसऱ्यांच्या हजारो ओळी तपासणारी मी, स्वतःची एक ओळ धड वाचता आली नाही! कुणाला शिव्या घालणार? फॉर्म मी भरला, ओके मी म्हटलं. भांडून मिळवलेली जागा मी स्वतःच्या हाताने घालवली होती.

बाबा इतकंच म्हणाले, "परत दाखव."

ती नावं मागे नेता येत नाहीत हो! परत बघायची तर राक्षस परत मारायचा. रागारागात दोनदा मी मेले. पाऊण तास गेला. "बाबा, ठेवा फोन, नंतर दाखवते," म्हटलं तर ऐकेनात. चहा गार झाला तरी चष्मा लावून बसून राहिले. पुन्हा ती ओळ आली आणि गेली. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"चूक आहे," ते म्हणाले. "दुरुस्त करून घे. डोळा ओळखीच्या शब्दावर घसरतो, कितीदा सांगितलंय तुला, शेवटाकडून वाचत यावं."

सोमवारी मी तिकीट टाकलं. मनात म्हटलं, आता येणार, 'हे असंच अपेक्षित आहे.' पण नाही! दोन दिवसांत इतकं अदबशीर माफीपत्र आलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या अपडेटमध्ये माझं नाव आणि आडनाव येईल, असं त्यांनी लिहिलं होतं. चार वर्षांत हे पहिलंच तिकीट त्यांनी मुकाट्याने मान्य केलं.

मी लगेच बाबांना फोन केला.

"छान झालं," ते म्हणाले. मग विचारलं, "आणि आधी छापून झालेल्या प्रतींचं काय?"

"डिस्का? त्या तशाच राहतात, बाबा. त्यांत काही बदलता येत नाही."

"हं." "मग त्यातली एक मला पाठव."

"अहो बाबा, पण तुमच्याकडे ते मशीन कुठंय? लावणार कशावर?"

"लावायची कशाला?" बाबा म्हणाले. "कपाटात ठेवीन."