पहिला कोण जाणार

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन. गल्लीत ट्रॅक्टर अडकलेले असतात, हवेत भुसकट उडत असतं आणि दिवसभर ओरडून अडतदारांचे घसे बसलेले असतात. आमचा एक मित्र अडतदार आहे. याच महिन्यात तो रोज संध्याकाळी एक भुताचा सिनेमा लावायचा. दुकानाच्या वर त्याची एक खोली आहे. पूर्वी तिथं धान्याच्या नमुन्यांच्या पिशव्या असत. त्यानं एका भिंतीला पांढरा रंग दिला, प्रोजेक्टर आणला, खाली गाद्या घातल्या. काटा बंद झाला, हातपाय धुतले, की सिनेमा सुरू.

ऑक्टोबरच का, तर परदेशातले भयपटांचे शौकीन हा महिना पाळतात, असं आमच्यातल्या मास्तरांनी इंटरनेटवर वाचलं होतं. अडतदाराला ते लगेच पटलं. "म्हंजे आपले पितर जेवून गेले की त्यांचे निघतेत," तो म्हणाला.

आम्ही चौघं होतो. अडतदार आणि मी शाळेपासूनचे. मास्तर हायस्कूलला गणित शिकवत. चौथी माझी मामेबहीण, एसटीत कंडक्टर. ड्यूटी संपली की खाकी कपड्यांतच यायची आणि गादीवर बसण्याआधी विचारायची, "कुणी मेलं का अजून?" मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. त्याआधी काही वर्षं उपसंपादक म्हणून डेस्कवर काढली होती.

आमचा एक नियम होता. सिनेमा सुरू होऊन सगळी पात्रं येऊन गेली की अडतदार तो थांबवायचा आणि विचारायचा, "बोला, पहिला कोण जाणार?" उत्तर तोंडानं द्यायचं नाही. मोंढ्यात पूर्वी सौदे रुमालाखाली होत. घेणारा आणि अडत्या रुमालाआड हात धरत आणि बोटं दाबून भाव सांगत, म्हणजे शेजारच्याला कळू नये. आता सौदे उघड होतात. पण अडतदार ते वडिलांकडून शिकला होता. खांद्यावरचा रुमाल तो पसरायचा आणि एकेकाचा हात आत घ्यायचा. पडद्यावर जो पहिला आला तो एक बोट, दुसरा आला तो दोन, पाचवा म्हणजे पंजा. तिघांची बोटं लक्षात ठेवून, स्वतःचा अंदाज मनात धरून तो सिनेमा पुढं सोडायचा. पहिला मुडदा पडला की कुणी काय दिलं होतं ते जाहीर करायचा. हरलेल्यांनी जिंकणाऱ्यांना भजी आणायची.

अंधारात, रुमालाखाली, त्याच्या एकट्याच्या शब्दावर हे चालायचं. कुणी कधी शंका घेतली नाही. त्याचे वडील म्हणत, बोटात फिरला तो बाजारातून उठला. हे तो दर ऑक्टोबरला एकदा तरी सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सौदे सुरू व्हायच्या आत, मोंढ्याच्या फाटकाजवळ चहावर चर्चा होई. खरा सिनेमा तोच.

"विहिरीत बाई आहे हे माहीत असताना तो माणूस विहिरीत वाकतो," मास्तर म्हणत. "तर्क काय?"

"सर, पायरीवर उभं राहू नका म्हणून मी रोज बोंबलते," बहीण म्हणायची. "तरी माणूस पायरीवरच. तर्क काय?"

"पाणी किती हाय ते बघायला वाकला आसंल," अडतदार म्हणायचा. "मराठवाड्यातला दिसतोय."

माझं मत असं होतं की भूत दिसलं की भीती संपते. त्यावर तिघं तुटून पडत. "दावायचंच न्हाय तर बोलावलं कशाला आमाला?" अडतदार म्हणायचा. "तुझ्या पेपरावानी झालं. हेडिंग मोठं, आत काय न्हाय." मास्तर माझ्या मुद्द्याची पायरी पायरीनं वासलात लावत आणि शेवटी म्हणत, "सिद्ध." एकदा मी इतका चिडलो होतो की चहा अर्धा टाकून उठलो. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसलो होतो.

एका उन्हाळ्यात माझ्या आतड्यात गाठ निघाली. बार्शीला ऑपरेशन झालं आणि केमोचे डोस सुरू झाले. निधनाच्या बातमीत कॅन्सरला आम्ही 'दीर्घ आजार' लिहितो. घरच्यांची तशी इच्छा असते. आता लोक माझ्या तोंडावर तोच शब्द वापरू लागले. शहाळी घेऊन येत, खुर्चीच्या कडेवर बसत, आवाज खाली आणत. मी काहीही बोललो तरी मान हलवत. त्या ऑक्टोबरकडून मला एकच गोष्ट हवी होती. तू चुकतोयस, असं कुणीतरी म्हणावं.

पहिल्या संध्याकाळी मी जिना चढून गेलो तर माझ्या गादीच्या जागी खुर्ची होती. पाठीला उशी. केस गेले होते. मी म्हणालो, "भिंतीला कशाला रंग देता, माझ्या डोक्यावर लावा प्रोजेक्टर." बहिणीनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. मास्तर म्हणाले, "तब्येत छान दिसतेय."

सिनेमा एका जुन्या बंगल्याचा होता. अडतदारानं तो थांबवला आणि विचारलं, "बोला, पहिला घर सोडून कोण पळणार?"

मला वाटलं, सिनेमाच तसा असेल. तसाच निघाला. सगळे पळाले, सगळे वाचले. दुसऱ्या दिवशीचं भूत म्हणजे एक प्रेमळ म्हातारी होती. ती नातवाला पुरात बुडण्यापासून वाचवायची. तिसऱ्या दिवशी भूत नव्हतंच, गैरसमज होता. पुढच्या एका सिनेमात दवाखान्याचं दार दिसलं आणि नेट गेलं. अडतदाराचा अंगठा रिमोटवर होता.

"चार दिवस झाले, माणूस मेला नाही," मी म्हणालो. "सिनेमा बघतोय का बालवाडीत बसलोय?"

"महिना लांब हाय अजून," अडतदार म्हणाला. "बघू की."

बातमीदाराला सूत्र पारखायची एक जुनी सवय असते. मुद्दाम चुकीची माहिती द्यायची आणि समोरचा ती दुरुस्त करतो का ते पाहायचं. सकाळी चहावर मी म्हणालो की प्रेमळ म्हातारीचा सिनेमा आपण आजवर पाहिलेल्यांत सर्वांत उत्तम होता आणि दिग्दर्शकाला भूमितीची उत्तम जाण आहे. त्या सिनेमात एकाच खोलीचं दार दोनदा वेगवेगळ्या भिंतीत होतं. मास्तर एवढ्या कारणावरून एरवी आठवडाभर बोलले असते. त्यांनी कप बशीत ठेवला.

"मुद्दा आहे," ते म्हणाले.

"नीट विचार करून सांगा, सर."

"नाही, नाही. तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे."

अडतदारानं माझ्यासाठी बिनसाखरेचा दुसरा चहा मागवला. मला साखरेचा त्रास कधीच नव्हता.

पुढच्या डोसला मी बहिणीच्याच गाडीनं बार्शीला गेलो. तिनं मला दाराजवळच्या तिच्या सीटवर बसवलं. तिकिटं फाडून झाल्यावर ती दांडीला धरून शेजारी उभी राहिली. मी सरळ विचारलं.

"ठरलंय तसं, दादा," ती म्हणाली.

"कुठं ठरलं?"

"चहावर. तुमी मागच्या डोसला गेल्ता तवा. मरणाचं काय लावायचं न्हाय. सर आधी घरी बघतेत सगळं, मग शेठ लावतेत."

आधी बघून यायचं नाही, हा नियम मास्तरांनीच घातला होता.

"आणि चहावरचं?"

"तुमाला आडवं बोलायचं न्हाय. डॉक्टरनं सांगितलंय ना, मनाला तरास होऊ द्यायचा न्हाय."

"डॉक्टरनं कच्ची काकडी खायची नाही म्हणून सांगितलंय. बाकी काही सांगितलेलं नाही."

ती हसली नाही. पूर्वी पडद्यावर एखादा खोकला तरी ती म्हणायची, "हा पुढच्या स्टॉपला उतरतोय." त्या महिन्यात ते वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"तू हो का म्हणालीस?"

"मला रडू येतंय तिथं. तुमी वाद घालायले की जास्तच येतंय." मग मागं वळून ती ओरडली, "मागं सरका हो, मागं जागा न्हाय का!" आणि गर्दीत गेली.

परतल्यावर मी अडतदाराला सांगितलं की आजचा सिनेमा मी निवडणार. तो मास्तरांकडं बघू लागला. मास्तरांनी तो पाहिलेला नव्हता. मी लावला. डोंगरातलं एक आरोग्यधाम, हिवाळा, बर्फानं रस्ता बंद. दुसरा जो पडद्यावर येतो तो घोंगडी पांघरलेला, खोकणारा माणूस. चांगला दिग्दर्शक असता तर त्याला शेवटपर्यंत जगवला असता. हा आळशी होता, ते पहिल्या काही दृश्यांतच दिसत होतं. पहिला हाच जाणार.

अडतदारानं सिनेमा थांबवला, पण प्रश्न विचारला नाही.

"विचार की," मी म्हणालो.

"पहिला कोण..." तो म्हणाला आणि रुमाल पसरला.

मास्तरांनी दिलं, बहिणीनं दिलं. मग माझा हात आत गेला. अडतदाराची पकड सगळ्या मोंढ्याला माहीत होती. तो बोटं अशी दाबायचा की जणू भाव पाडून मागतोय. मी दोन बोटं दिली. त्यानं ती दाबली नाहीत. माझा सगळा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. हाताच्या पाठीवर सलाइनच्या सुयांनी काळे डाग पडले होते. त्यावरून त्याचा अंगठा फिरला. मग त्यानं हात सोडला आणि सिनेमा पुढं केला.

खोकणारा माणूस पहिला गेला.

"कुणाचंच आलं न्हाय," अडतदार म्हणाला. "सरांचे तीन, ताईचं एक. पत्रकाराचे चार."

"मी दोन दिली."

"चार व्हती तुझी."

"दोन."

"चार," तो म्हणाला. तो पडद्याकडं बघत होता. "माझ्या हातात व्हती का तुझ्या?"

मी मास्तरांकडं पाहिलं. तर्काचा माणूस. "अंधारात बोटं मोजताना गोंधळ होऊ शकतो," ते म्हणाले.

ज्याचे वडील बोटांच्या शब्दावर ट्रॅक्टरभर माल उचलत, त्यानं माझी बोटं फिरवली होती. पेपरात खोटं छापून आलं की मी खुलासा मागवत असे. इथं कुणाकडून मागवायचा? तिघंही माझ्या बाजूचे होते.

राहिलेल्या ऑक्टोबरात मी गेलो नाही. का येत नाही, असं कुणी विचारलं नाही. "आराम कर," एवढंच म्हणाले. सिनेमे मी घरी मोबाइलवर पाहिले, माणसं मरणारे. सकाळी त्यांच्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं. बायकोला त्या आवाजांनी त्रास होई.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तपासणीचा रिपोर्ट आला. काही शिल्लक नव्हतं. अडतदार आई भवानीला नवस बोलला होता, ते मला तेव्हा कळलं. तो तुळजापूरला जाऊन नवस फेडून आला आणि पेढ्याचा पुडा घेऊन घरी आला. माझ्या पाठीत त्यानं गुद्दा घातला.

"आता लावू दणकून," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सात मुडदे. ये गुमान."

मी गेलो. खुर्ची काढली होती, माझी गादी जागेवर होती. बहीण आली आणि बसण्याआधी म्हणाली, "कुणी मेलं का अजून?" मास्तरांनी शपथेवर सांगितलं की त्यांनी सिनेमा आधी पाहिलेला नाही. सगळं पूर्वीसारखं होतं. पूर्वीसारखं करायचं, हेही बहुधा चहावर ठरलं असावं.

अडतदारानं सिनेमा थांबवला. "बोला, पहिला कोण जाणार?"

रुमाल पसरला गेला. मास्तरांचा हात आत जाऊन आला. बहिणीचा जाऊन आला. मग रुमाल माझ्यापुढं आला. खाली त्याचा तळवा उताणा वाट पाहत होता, कापडावरून आकार कळत होता. मी हात गुडघ्यावर ठेवले.

"तीन," मी म्हणालो.

"तोंडानं न्हाय, पत्रकार. रुमालात."

"तीन. सगळ्यांनी ऐकलंय."

त्याला समजलं. रुमाल उचलून त्यानं तोंड पुसलं आणि खांद्यावर टाकला. "बरं," तो म्हणाला. "तीन." बहीण खाली मान घालून गादीचा दोरा ओढत होती.

तिसराच पहिला गेला. माझा आकडा त्यानं बरोबर सांगितला.

ऑक्टोबरातले सिनेमे अजून चालू आहेत. आता सगळे तोंडानंच सांगतात. बहुतेक वेळा मला आधी विचारतात. मी जो आकडा बोलतो तोच बाकीचे तिघं धरतात, त्यामुळं भजी कुणालाच आणावी लागत नाहीत.