सतरा नंबरचा सांधा

पूर्णा जंक्शनात आगगाडीच्या इंजिनांना पाणी पुरवणारं एक खातं होतं. मालक बदलला की त्याचं नाव बदलायचं आणि पाट्या रंगवणाऱ्याची तेवढी चंगळ व्हायची, म्हणून आपण त्याला नुसतं खातंच म्हणू. नदीकाठच्या पंपघरातून निघालेली बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नळांची रांग स्टेशनाजवळच्या उंच टाकीपर्यंत यायची आणि वाटेत रुळांखालच्या एका मोरीतून जायची. त्या मोरीत सतरा नंबरचा सांधा होता. बाकीचे सगळे सांधे शहाण्यासारखे वागायचे. सतरा नंबरचा गळायचा.

गळण्याचं कारण कुणालाही कळावं इतकं सोपं होतं, फक्त ते कळून घ्यायची कुणाला गरज पडली नव्हती. नळ बिडाचे, म्हणजे वाकायचं नाव नाही. सांध्यात ताग ठासून वर शिसं ओतलेलं, तेही तसंच ताठ. डोक्यावरून दिवसाला चौदा गाड्या. गाडी आली की मोरी थरथरायची, दोन्हीकडचे नळ हलायचे आणि मधलं शिसं फाटायचं. बुजवलं तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा थेंब सुरू.

निजामाच्या अमदानीत कुणा हुशार मुनशीनं यावर तोडगा काढला. सांधा दुरुस्त करण्याचा नव्हे, सांध्यासाठी एक माणूस कायमचा ठेवण्याचा. हुकूमनाम्यात त्यानं स्वच्छ लिहिलं, "जब तक टपके, तब तक नौकरी." सांधा ठिबकतोय तोवर नोकरी. तो माणूस म्हणजे वैजीनाथ.

दुसरा कुणी असता तर अशा नोकरीवर त्यानं आयुष्यभर ताणून दिली असती. वैजीनाथनं मात्र ती गळती जिवाला लावून घेतली. सकाळी मोरीत उतरायचं, छिन्नी-हातोड्यानं जुनं शिसं काढायचं, नवा ताग ठासायचा, शिसं वितळवून ओतायचं आणि पुढची गाडी जाईपर्यंत श्वास रोखून बसायचं. गाडी गेली की टप्. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज विचारायचं, "काय वैजीनाथराव, गळायलंय का अजून?" आणि त्याचा हातातला घास तिथंच थांबायचा. पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात निम्मं स्टेशन घरं सोडून पळालं होतं, तेव्हाही हा बाबा मोरीत बसून शिसं ओतत होता. रझाकार गेले, निजामाचा हाली रुपया जाऊन हिंदुस्थानचा कलदार आला, साहेबाच्या खुर्चीवर नवा साहेब बसला. सांधा गळतच राहिला. नव्या सरकारनं सगळे जुने हुकूम तपासले, त्यात वैजीनाथचाही निघाला. त्यावर कुणीतरी 'पूर्ववत चालू' असा शिक्का मारला.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात तो भावाच्या शेतावर गेला होता. विहिरीवर मोट चालू होती. लहानपणापासून हजार वेळा बघितलेली ती मोट त्या दिवशी तो पहिल्यांदा बघावी तशी बघत राहिला. वर लोखंडी कडं, ताठ. खाली तोंडाला कातड्याची लांब सोंड, ती वाकायची, दुमडायची, पाण्यानं भरायची, आणि वर येईपर्यंत तिच्यातून फारसं काही सांडायचं नाही. भाऊ बैलांना हाकता हाकता म्हणाला, "आरं, काय बघायलास?"

"नळ ताठ राहू दे," वैजीनाथ म्हणाला. "सांधा मऊ पायजे."

भावाला वाटलं, ऊन लागलं.

मोटा शिवण्यात त्या भागात लिंबाजीचा हात धरणारा कुणी नव्हता. वैजीनाथ तडक त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "मामा, मला मोट न्हाई पायजे. नुसती सोंड पायजे, दोन्हीकडून उघडी. एक तोंड एका नळावर चढंल, दुसरं दुसऱ्यावर, आन् मदी चार बोटं ढिली."

लिंबाजीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बैल कुठं जुंपणार हायेस?"

"बैल न्हाई. वरून आगगाडी जाती."

लिंबाजीनं कपाळाला हात लावला. पण म्हातारा कामाचा भुकेला होता. पहिली सोंड त्यानं एकेरी कातड्याची शिवली. ती पाणी सोडताच टम्म फुगली आणि फुटली, आणि वैजीनाथ मोरीतून न्हाऊन बाहेर आला. दुसरी दुहेरी केली, ती फुटली नाही, पण टाक्याटाक्यातून पाणी सुटलं. वैजीनाथ ती काढायला लागला तेव्हा मोरीच्या तोंडाशी बसलेला लिंबाजी ओरडला, "आरं, लगेच कशाला काढायलास? कातडं पाणी पिऊ दे. फुगलं की त्येच टाकं बुजवतं. आन् आठवड्याला करडईचं तेल चोळ. तेल न्हाई मिळालं तर कातडं वाळतं, आन् वाळलं की संपलं."

तिसऱ्या सोंडेला आत डांबर लावलेल्या सुतळीचे वेढे दिले, दोन्ही टोकांना लोहाराकडून पोलादी पट्ट्या करून आवळल्या आणि सगळ्याला पोटभर तेल पाजलं. पहिल्या दिवशी ती थोडी पाझरली. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी मालगाडी गेली, नळ हलले, सोंड जरा दबली, जरा ताणली गेली आणि परत जागेवर आली. खाली ठेवलेली बादली कोरडी होती. वैजीनाथनं बादलीत हात फिरवून बघितला. मग तो मोरीतच बसून रडला.

घरी तो मान वर करून आला. कडूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे चालणं नवीन होतं. तिनं भाकरी थापता थापता ते बघून ठेवलं.

गावात मात्र या पराक्रमाचं कौतुक कुणी केलं नाही. मोरीच्या तोंडाशी गोजरबाईचे वांग्यांचे वाफे होते, ते बारा वर्षं या गळतीवर पोसले गेले होते. गोजरबाई वाळकी वांगी पदरात घेऊन थेट वैजीनाथच्या दारात आली. "माझ्या पाण्यावर का बसलास रं मुडद्या? सरकार बदललं तरी पाणी बंद झालं न्हवतं!"

खरी पंचाईत पुढेच होती. दर महिन्याला गळतीचा तक्ता भरून पाठवावा लागायचा. त्यात तीनच रकाने होते: थोडी, मध्यम, फार. वैजीनाथनं तिन्हींवर काट मारून बाजूला 'न्हाई' लिहिलं. वरच्या ऑफिसात असा तक्ता कधी आलाच नव्हता. तपासणीसाठी दिनकरराव नावाचे नवे निरीक्षक येत असल्याची तार आली.

तार कडूबाईला वाचून दाखवली तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "ठिबकायचं बंद झालं तर नोकरी न्हाई, असंच लिव्हलंय ना त्या कागदावर?"

वैजीनाथला हे माहीत होतं. चौदा वर्षं माहीत होतं. पण सांधा कधी कोरडा होईल असं त्याला खरोखर वाटलंच नव्हतं, म्हणून तो विचार त्यानं कधी पुढे नेला नव्हता.

कडूबाईनं कोनाड्यातून कातडं शिवायची आरी काढून त्याच्या हातात दिली. "एक भोक पाडा. मुंगीएवढं. लय नको."

दुपारी तो आरी घेऊन मोरीत उतरला. टोक कातड्यावर टेकवलं. तेवढ्यात वरून परभणीकडची गाडी गेली. सोंड दबली, ताणली गेली, परत जागेवर आली. एवढा मोठा धडधडाट वरून गेला आणि त्या कातड्यानं तो मुकाट्यानं पोटात घेतला. वैजीनाथला आरीची लाज वाटली. त्यानं ती खिशात टाकली, आठवडा भरला होता म्हणून तेल चोळलं आणि घरी आला. कडूबाईनं आरी परत कोनाड्यात ठेवली. त्या दिवशी तिनं भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली.

दिनकरराव छत्री घेऊन आले. मोरीत छत्री उघडून तीन गाड्या जाईपर्यंत बसले. छत्रीवर एक थेंब पडला नाही. बाहेर येऊन त्यांनी वैजीनाथचा हात हातात घेतला. "शाब्बास! असं काम मी उभ्या नोकरीत बघितलं नाही." आणि मग खिशातून जुना हुकूम काढून, तसाच हात धरून, त्याची जागा रद्द झाल्याचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सायेब, पण आठवड्याला तेल लागतंय त्याला," वैजीनाथ म्हणाला.

दिनकररावांची लेखणी थांबली. "तेल लागतं असं लिहिलं तर ती देखभाल झाली. देखभालीला माणूस लागतो. माणसाला मंजुरी लागते. आणि मंजुरीला गळती लागते. गळती आहे का?"

"न्हाई."

"मग?" असं म्हणून त्यांनी दप्तरात लिहिलं: सांधा क्रमांक सतरा, देखभालीची गरज नाही.

वैजीनाथ भावाच्या शेतात राबायला लागला. कडूबाई लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. घरात दोन्ही वेळा चूल पेटेना झाली. पण दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, वैजीनाथ बाटलीत करडईचं तेल घेऊन पूर्णेला जायचा, प्लॅटफॉर्मचं तिकीट काढायचा, फलाटाच्या टोकावरून उतरून मोरीत शिरायचा आणि सांध्याला तेल चोळायचा. कालवणाला तेल नसायचं तेव्हाही सांध्याला असायचं. अशी दोन वर्षं गेली आणि खात्याच्या दप्तरात सांधा क्रमांक सतरा देखभालीवाचून ठणठणीत राहिला. दिनकररावांनी त्याचं उदाहरण इतर सांध्यांना दिलं, म्हणजे तशा अर्थाचं परिपत्रक काढलं.

तिसऱ्या वर्षी नव्या चौकीदारानं वैजीनाथला मोरीत पकडलं आणि दिनकररावांपुढे उभं केलं.

"काय करत होतास तिथं?"

"सांध्याला तेल घालायलो होतो, सायेब."

दिनकररावांनी दप्तर उघडलं, आपल्याच अक्षरातली ओळ वाचली आणि खिन्न झाले. "त्या सांध्याला कशाचीच गरज नाही असं इथं लिहिलंय. म्हणजे तू दुसऱ्या काही कारणानं गेला असणार." दुसरं कारण त्यांना सुचेना, म्हणून शिक्षा केली नाही. पण मोरीत पाऊल टाकायला बंदी केली.

ते उन्हाचे दिवस होते. वैजीनाथ सोमवारी बाजारात यायचा आणि लांबूनच मोरीकडे बघत उभा राहायचा. घरी आला की जेवायचा नाही. "वाळायलंय गं ते," एवढंच म्हणायचा. सहाव्या आठवड्यात कातडं तडकलं. गोजरबाईची वांगी तरारली. इंजिनांना पाणी कमी पडायला लागलं, दिनकररावांनी स्वतः तक्त्यात 'फार' लिहिलं, आणि जुन्या हुकुमाप्रमाणे जागा आपोआप जिवंत झाली. सतरा नंबरच्या गळतीचा अनुभव असलेला माणूस अख्ख्या खात्यात एकच होता. त्याला बोलावणं आलं.

कामावर जायच्या सकाळी वैजीनाथ ताग, शिसं आणि हातोडा घेऊन ओसरीवर बसला होता. ताग-शिशानं काय होतं ते त्याला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत टप्, आणि जन्मभर पगार. कडूबाई काय म्हणणार तेही त्याला माहीत होतं, आणि या खेपेला तो तिचं ऐकणार होता. तीन वर्षं खुरपं धरून तिच्या बोटांचं काय झालं होतं ते तो रोज बघत होता.

कडूबाई आत गेली. तिनं कोपऱ्यातल्या गाडग्यावरचं झाकण काढलं आणि आतून तेलानं निथळणारी नवी कोरी सोंड बाहेर काढली. बंदी आली तेव्हाच खुरपणीच्या पैशातून लिंबाजीकडून शिवून आणलेली, सहा आठवडे तेलात मुरवलेली.

"जुनी आता तडकली म्हणं," ती म्हणाली. "ही बसवा."

वैजीनाथ तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, नोकरी जाईल परत."

"जाऊ दे. सांधा कोरडा झाला त्या दिशी तुमी मान वर करून घरी आलता. चौदा वर्षांत पयल्यांदा. मला ते परत बघायचंय." आणि पदरानं तोंड पुसत चिडून म्हणाली, "निघा आता, तेल गळायलंय जमिनीवर."

चार वाजेपर्यंत सोंड बसली. तिसऱ्या दिवशी बादली कोरडी होती. वैजीनाथनं तक्त्यातल्या तिन्ही रकान्यांवर काट मारली, 'न्हाई' लिहिलं आणि मान वर करून घरी आला. कडूबाई तेवढं बघण्यापुरती दारात उभी होती.

जागा रद्द झाल्याचा हुकूम यायला या वेळी नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांचा पगार वैजीनाथला मिळाला. त्यातून कडूबाईनं सगळ्यात आधी करडईचं तेल आणलं.