ठेवणीतली कवळी

बुधाजींना एका जागी बसवत नसे. दात गेल्यापासून तर मुळीच नाही. जीभ रिकाम्या हिरड्यांवरून फिरत राहायची आणि बुधाजी अंगणातून. त्यांची बायको सुंदराबाई वैतागून म्हणायची, "बसा ना वं जरा! पायाले भिंगरी बांधली का तुमच्या?"

दात गेले त्याला थोडी तंबाखू कारण, आणि बाकी सगळा आठवडी बाजारातला सांडशीवाला. चांदूर रेल्वेच्या आसपासच्या खेड्यांत दात दुखला, की दाढेखाली लवंग धरायची. तेवढ्यानं नाही भागलं, तर त्या सांडशीवाल्यापुढं उकिडवं बसायचं. दुखऱ्या दाताबरोबर शेजारचा चांगलाही तो उपटायचा आणि वर उपकार केल्यासारखा हसायचा. सरकारी दवाखान्यात दात काढून मिळत, बसवून मिळत नसत. गरिबाला दात उपटून घ्यायचा तेवढा हक्क, चावायचा नाही. संताप येतो तो याचाच.

बुधाजी हंगामात जिनात कापसाचे गठ्ठे वाहायचे. पण पाच गावांत त्यांची ओळख वेगळी होती. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्रिशरण-पंचशील तोंडपाठ केलं आणि गावोगाव लोकांकडून घोटून घेतलं. लग्न लावायचं तर बुधाजींनीच. ते एक ओळ म्हणत, मांडव ती मागून म्हणे. अलीकडे मात्र त्यांच्या ओळीत शब्द कमी आणि वारा जास्त, अशी गत झाली होती. पोरी पदरात तोंड घालून हसत, आणि बुधाजींना ते दिसे.

अशात बासष्टच्या दिवाळीत त्यांच्या मुलीचं, ललिताचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्यात कारकून. त्याचा मामा पंजाबराव सुपारीच्या दिवशी सहज बोलून गेला, "आमच्याकडचे सहदेव गुरुजी लग्न लावतीन. तुमाले तरास नोको."

"माह्या पोरीचं लगन मीच लावीन," बुधाजी म्हणाले. शब्द इतका बोबडा आला, की पंजाबरावाला दोनदा विचारावं लागलं.

झालं! बुधाजींची झोप उडाली. दोन शेळ्या बाजारात गेल्या आणि बुधाजी पॅसेंजरनं अकोल्याला. तिथं एक दातांचे डॉक्टर फक्त बेस्तरवारी बसत. एकदा मेणात माप दिलं, एकदा बसवून पाहिली, तिसऱ्या खेपेला कवळी हातात आली. अकोल्यात ओळखीचं कुणी नाही. प्रत्येक खेपेला स्टेशनच्या फलाटावरच पाठ टेकायची. डॉक्टरांनी बजावलं, "रोज घाला. टोचली तर परत या, घासून देईन. नुसती ठेवलीत तर पुढं बसायची नाही." बुधाजींनी मान डोलावली.

टोचली ती दुसऱ्याच दिवशी. पण परत अकोला म्हणजे परत रोजी बुडवणं, परत फलाट. शिवाय नवी वस्तू रोज वापरायची, ही गोष्टच त्या घराला ठाऊक नव्हती. नवं धोतर ट्रंकेत, सुंदराबाईचं चांगलं लुगडं ट्रंकेत. कवळीही फडक्यात बांधून, डांबराच्या गोळ्यांसकट तिथंच गेली. लग्नाच्या दिवशी काढायची! दर दोन दिवसांनी बुधाजी ट्रंक उघडून ती आहे ना, एवढं बघत आणि पुन्हा फेऱ्या मारू लागत. पाच महिने गेले.

वैशाखात मांडव भरला. बुधाजींनी फडकं सोडलं, कवळी बसवली. एका बाजूनं बसली, दुसरीकडून उचलली. तोंडभर डांबराच्या गोळीचा वास. घसा खाकरून त्यांनी पहिला शब्द उच्चारला आणि दातांचा अख्खा खालचा पट्टा त्यांच्याच तळहातावर पडला.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बुधाजींना वाटलं, जमीन दुभंगावी. सहदेव गुरुजी पुस्तिका घेऊन पुढं सरकले. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त वेळ सांभाळायची होती.

ललितानं खाली घातलेली मान वर केली नाही. पण मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "गुरुजी, थांबा. माहे बाच म्हनतीन."

बुधाजींनी वरचा पट्टाही काढून खिशात टाकला आणि नुसत्या हिरड्यांनी सुरुवात केली. जे निघालं ते बोबडंच. पण मागून मांडवानं ओळ म्हटली, ती अक्षर न् अक्षर खणखणीत. म्हाताऱ्यांनी, पोरींनी, मघाशी हसलेल्यानंही. सहा वर्षं बुधाजींनी जे शब्द घोटून घेतले, ते आज सगळ्यांच्या दातांत होते. बुधाजी थांबले नाहीत. लग्न त्यांनीच लावलं.

निघताना ललिता रडली नाही, उलट दटावू लागली. "बा, तो डाक्तर आता माह्या गावात हाय. येत्या बेस्तरवारी या. माह्या घरी राहा, जेवा."

"पोरीच्या घरी जेवत नसते बाप."

"एवढे रिवाज सोडले तुमी, अन् हा कावून धरून ठेवला?"



बेस्तरवारी चांदूरपासून अकोल्यापर्यंत बुधाजी गाडीच्या दारातच उभे राहिले, कवळी तोंडात दाबून. हिरडी सोलून निघाली, पण काढली नाही. डॉक्टर आधी रागावले, मग तासभर घासत बसले, आणि पुढच्या दोन खेपाही लावून दिल्या. संध्याकाळी ललितानं ताट वाढलं. नेहमीप्रमाणे भाकरी वरणात कुस्करायला बुधाजींनी हात घातला.

"कुस्करू नोका," ती म्हणाली.

त्यांनी ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि किती तरी वेळ, एका जागी बसून, चावत राहिले.