सोमवार आवरणाऱ्या साळवेबाई

"मला पत्रं टाईप करायची नाहीत. मला माझा सोमवार आवरायचा आहे. तेवढं शिकवाल का?"

साळवेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी मूळचा राहात्याचा, पाटपाण्याच्या भागातला. डिप्लोमा करून नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका कोरड्या तालुक्याच्या गावी कापडदुकानावरच्या खोलीत कंप्युटर क्लास काढला होता. दोन मशीन, आठ विद्यार्थी. सगळे विशीच्या आतले. आणि एका संध्याकाळी जिना चढून धापा टाकत या बाई आल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, खळ केलेली सुती साडी, चष्म्याला दोरी, उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. आधी उत्तर हवं होतं.

बाई पंचायत समितीत हापसा दुरुस्तीच्या टेबलावर कारकून होत्या. तालुक्यातल्या कुठल्याही गावचा हापसा बंद पडला की तक्रार त्यांच्याकडे यायची. कुणी पोस्टकार्ड टाकायचं, कुणी ग्रामसेवकाकडून पत्र पाठवायचं, कुणी एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी द्यायचं. सोमवार आमच्याकडचा बाजारचा दिवस. शनिवार-रविवारच्या साठलेल्या चिठ्ठ्या आणि बाजाराला आलेल्या माणसांचे तोंडी निरोप एकदमच टेबलावर कोसळायचे. दुरुस्तीची गाडी एक, मिस्त्री दोघे.

"रविवारी चर्चमध्ये उपासनेला बसले ना, की सोमवार समोर उभा राहतो," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेत देव कमी आणि चिठ्ठ्या जास्त दिसतात."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. का हसल्या नाहीत ते चौथ्या दिवशी कळलं. की-बोर्डावर अक्षरं शोधता शोधता, माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात एका पंधरा उंबऱ्यांच्या वस्तीवरून चिठ्ठी आली होती. सोमवारच्या गर्दीत ती दोन फायलींच्या मध्ये सरकली आणि अठरा दिवसांनी सापडली. तोवर वस्तीतल्या बायका जुन्या विहिरीत उतरून पाणी आणत होत्या. हिराबाई नावाची एक गरोदर बाई पायऱ्यांवरून घसरली. मूल वाचलं, पण तिचा हात मोडला तो मोडलाच, नीट जुळला नाही.

"मी भेटायला गेले होते," बाई म्हणाल्या. "वाटलं, शिव्या देईल. तिनं मला बसायला पोतं टाकलं आणि म्हणाली, 'बाई, आमी चिठ्ठी धाडली हुती. तुमाला घावली न्हाई का?' बस, एवढंच. मास्तर, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी हा जिना चढले नसते."

मी त्यांच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'मास्तर' म्हटलं आणि 'अहो'च म्हटलं. "जो शिकवतो तो मास्तर. वय बघायला मी काय सोयरीक जुळवतेय?" असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा अशा कामासाठी तयार प्रोग्रॅम आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. मला फॉक्सप्रो ही प्रोग्रॅम लिहायची भाषा येत होती, त्यांना सोमवार ठाऊक होता. आम्ही दोघांनी मिळून प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर एका तक्रारीची एक ओळ. गाव, वस्ती, हापसा कधीपासून बंद, दुसरं पाणी किती लांब. मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून गावांची नावं इंग्रजी लिपीत लिहायची. जिथलं पाणी सगळ्यात लांब आणि हापसा सगळ्यात जास्त दिवस बंद, ती ओळ आपोआप वर सरकायची. मला एवढ्यावर काम झालंसं वाटलं. बाईंना वाटलं नाही.

"कोण जाणार, ते कुठंय?"

"ते नंतर भरता येईल की, बाई."

"नंतर नाही. कोण जाणार ते लिहिल्याशिवाय ओळ आत घ्यायचीच नाही. नाव नसलेलं काम म्हणजे बिनवारशी. ते कुणी उचलत नाही."

मी तसं केलं. मग त्यांना शेवटी आणखी एक रकाना हवा होता: 'पहिली घागर कोणी भरली?' मिस्त्री 'झालं' म्हणतो तेवढं त्यांना पुरेसं नव्हतं. दुरुस्तीनंतर त्या हापशावर पहिल्यांदा पाणी भरणाऱ्या बाईचं नाव आणायचं, मगच ती ओळ यादीतून उतरणार. मला हा हट्ट वाटला. मी टाळाटाळ केली तेव्हा त्या छत्री टेबलावर ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "करा, मी थांबलेय." त्या थांबल्या की माणसाला काम करावंच लागे.

पंचायत समितीत एक कंप्युटर आलेला होता. गटविकास अधिकाऱ्यांच्या खोलीत प्लास्टिकच्या आवरणाखाली तो वर्षभर झाकून होता. बाईंनी अर्ज केला, तीनदा आठवण करून दिली आणि चौथ्यांदा स्वतःच शिपायाला घेऊन तो आपल्या टेबलाशी आणला. साहेब सज्जन होते. "जळला तर?" एवढंच त्यांनी विचारलं. "झाकूनही सडतोच आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

पहिल्या सोमवारी मी मुद्दाम गेलो होतो. वीज जायच्या आत बाईंनी यादी छापून घेतली. प्रिंटरच्या करकरीनं बाजारची माणसं खिडकीशी गोळा झाली. खंडू मिस्त्री मात्र यादी हातात घेईना. उंच, काटक माणूस, बोटांना कायमचं ग्रीस.

"पंधरा वर्सं हापसं खोलतुय मी. आता ह्यो डबा सांगनार व्हय, कुटं जायचं?"

"डबा सांगत नाही खंडू, मी सांगते. डबा फक्त विसरत नाही."

"आन् ह्ये घागर कुनी भरली म्हंजे? बायांची नावं इचारत हिंडू? लोक जोड्यानं हानतील मला."

"माझं नाव सांग. म्हणावं, साळवेबाईंनी विचारलंय."

खंडू पुटपुटत गेला. संध्याकाळी परतला तेव्हा तीन हापसे झाले होते. आधी एका दिवसात दोन झाले म्हणजे डोक्यावरून पाणी. एकाच रस्त्यावरची दोन गावं यादीत शेजारी आली होती, त्यामुळे एक खेप वाचली. खंडूनं यादी टेबलावर ठेवली. तीन नावं त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलेली होती. मग घुटमळला आणि म्हणाला, "बाई, बिगाड काय हाय त्ये बी लिवा की ह्याच्यात. म्या वायसर घिऊन जातो आन् तितं साखळी तुटल्याली असती. उगा हेलपाटा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, आणखी एक रकाना."

बाईंना राग यायचा नाही असं नाही. चुकीचं गाव भरलं तर त्या स्वतःवर इतक्या चिडत की चष्मा काढून दोन मिनिटं डोळे मिटून बसत. दुसऱ्यांच्या चुकीला मात्र त्यांची शिक्षा ठरलेली: चुकणाऱ्याला शेजारी बसवून ती ओळ त्याच्याच हातानं दुरुस्त करून घेणं. "बोलणी खाऊन माणूस शिकत नाही, फक्त लपवायला लागतो," त्या म्हणत.

त्यांची खरी कसोटी पुढच्या एप्रिलात लागली. तालुक्यातले एक वजनदार पुढारी सोमवारी सकाळीच ऑफिसात आले. त्यांच्या मळ्याजवळचा हापसा बंद होता आणि यादीत तो नववा होता. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, बाकीचे कारकून फायलींत शिरले. मी प्रिंटरची फीत बदलायला गेलो होतो, तो तिथेच अडकलो.

"बाई, आमचं आज होऊन जाऊ द्या," पुढारी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. तो चढवायची त्यांना गरजच पडत नसावी.

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "बसा, दादा. तुमच्या वर आठ नावं आहेत, मी वाचून दाखवते. त्यातलं कुठलं खाली घ्यायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं, असं मी ओळीत लिहून ठेवते."

त्या वाचू लागल्या. पहिली वस्ती, अकरा दिवस बंद, दुसरं पाणी दोन किलोमीटर. दुसरी, नऊ दिवस, पाणी दीड किलोमीटर. आवाजात ना भीती ना टोमणा. पाचव्या नावाशी पुढाऱ्यांनी हात वर केला.

"ह्या वस्तीवर शाळा आहे ना?"

"आहे. पोरं घरून बाटलीत पाणी आणतात."

उरलेली तीन नावं त्यांनी स्वतःच वाचली. मग उठले. "राहू द्या. आमच्या मळ्यात विहीर आहे." दारात थांबून त्यांनी विचारलं, "नववा म्हणजे कधी?"

"परवा, बुधवारी. खंडू येईल."

बुधवारी खंडू गेला आणि हापसा सुरू झाला. त्या ओळीत पहिल्या घागरीपुढे पुढाऱ्यांच्या मळ्यातल्या गडीमाणसाच्या बायकोचं नाव आलं. बाईंनी ते इतर नावांसारखंच भरलं आणि पुढची ओळ घेतली.

त्या सोमवारी घरी जाताना मात्र मी त्यांना ऑफिसच्या जिन्याशी गाठलं. मी म्हटलं, "तुम्ही घाबरला नाहीत का?" तर म्हणाल्या, "घाबरले की. पण यादी बरोबर होती ना! मग माझी भीती माझ्यापाशी. तिचा पाण्याशी काय संबंध?"

दोन वर्षांनी त्यांची बदली नगरला झाली. निरोपसमारंभात साहेबांनी शाल दिली, भाषणं झाली. बाईंना बोलायला सांगितलं तर त्या उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "उद्या सोमवार नाही म्हणून सगळे एवढे निवांत बसलात." सगळे हसले आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी पुढे पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले. पतसंस्थांसाठी, दूधसंघांसाठी, दवाखान्यांसाठी. लोक सांगतात, कामं फार साठतात, काहीतरी यंत्र करून द्या. मी आधी विचारतो, की ही कामं करणारं माणूस कोण आणि कुणाला त्याची वाट बघावी लागते. ते विचारायला मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही. एका बाईंनी शिकवलं, आणि त्या मला मास्तर म्हणत.

नगरला गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं सरळ, ठसठशीत. लिहिलं होतं: 'इथे साऱ्या जिल्ह्याच्या तक्रारी येतात. टेबलं पाच, कुणाचं कुणाला ठाऊक नाही. परवा मी मोठ्या साहेबांना म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. ते हो म्हणाले आहेत. रविवारची उपासना दहाला संपते. अकराच्या आत या. जेवण माझ्याकडेच.'

मी शनिवारीच निघालो.