उकंडा आणि रुडॉल्फ

अख्ख्या वऱ्हाडात माणसाआधी त्याच्या नावाला रामराम करणारा एकच गृहस्थ होता, आणि तो माझा सासरा होता. अमेरिकेत लढाई जुंपून आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा मामाजी अमरावतीच्या बाजारात अडत करीत. इतर अडते आधी गाडीतल्या कापसात हात घालीत. मामाजी आधी गाडीवानाला नाव विचारीत आणि मग त्या नावाचा अर्थ. तो सांगता आला नाही, की गाडी शेजारच्या अडत्याकडे. “ज्याले आपल्या नावाचा पत्ता नाही, त्याले मालाचा काय असन?” शांताराम नावाच्या एका भांडखोर दलालाशी ते बोलतच नसत. तो खोटे नाव सांगून फिरतो, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचे स्वतःचे नाव उकंडा, म्हणजे उकिरडा. आधीची भावंडे गेली, म्हणून आईने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर टेकवले आणि तेच नाव ठेवले. असल्या नावाकडे मृत्यू ढुंकून पाहत नाही, अशी आमच्याकडची समजूत. मामाजी नाव सांगताना छाती पुढे काढीत. मी हिशेबी माणूस. एकदा म्हणालो, “मामाजी, जगलेले उकंडे आपल्याला भेटतात. गेलेले कुठून भेटणार?” ते म्हणाले, “जवाईबुवा, तुमी बेरीज सांगून राहिले, मी जीव सांगून राहिलो.”

माझ्या मेहुण्याची पहिली दोन्ही मुले पहिल्याच उन्हाळ्यात गेली होती. तिसरा मुलगा झाला, तेव्हा मामाजींनी लागलीच नाव ठरवले, कचरू. सून कधी वर मान करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “मामाजी, हाक मारतानी तोंड गोड व्हावं, असं एक तरी नाव ठेवू द्या जी.”

“आंधी जगू दे, मंग गोड.”

बारशाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बाजारात होतो. एक जर्मन साहेब कापूस घ्यायला आला होता. हिंदुस्थानी मोडकेतोडके, पण समजे. अर्थात मामाजींनी आधी नाव विचारले.

“रुडॉल्फ.”

“अर्थ?”

साहेबाला आजवर हे कोणी विचारले नसावे. तो खुशीत येऊन सांगू लागला. आमच्या जुन्या भाषेतले दोन शब्द आहेत, एक कीर्ती आणि दुसरा लांडगा. फार पूर्वी आमचे लोक रानात राहत, भाल्याने लढत. शूर माणूस लांडग्यासारखा असावा, असे त्यांना वाटे. पुढे राजांनीही हे नाव लावले.

मामाजींना पुढचे ऐकूच गेले नाही. पोराचे नाव लांडगा! त्यांना आपला माणूस भेटला होता. जवळ सरकून ते हळूच म्हणाले, “साहेब, तुमच्या आंधीची लेकरं गेल्ती काय?”

साहेबाने हातातला कापूस खाली ठेवला. “दो बहनें,” तो म्हणाला.

“पाहा! म्हनून तं लांडगा!” मामाजी माझ्याकडे वळले.

“नहीं, नहीं. मेरे बाप के बाप का नाम था. घर में सबसे अच्छा नाम वही था. माँ ने वही दिया.”

“भ्याली नाही?”

“बहुत डरी होगी,” साहेब म्हणाला. “फिर भी दिया.”

त्या दिवशी मामाजींनी पुढच्या एकाही गाडीवानाला नाव विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी पाळण्याजवळ माझी बायको, म्हणजे बाळाची आत्या, कानात नाव सांगायला वाकली, तेव्हा मामाजींनी तिला थांबवले. “यशवंत म्हन,” ते म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, “कीर्ती घेतली. लांडगा साहेबालेच राहू द्या.”

पण तसे झाले नाही. सारे घर यशवंत म्हणे. सून तर कामाशिवायही हाक मारी. मामाजी मात्र पाळण्याशी वाकून, कोणी ऐकत नाही असे पाहून म्हणत, “काय रे लांडग्या, झोपला काय?”

अमेरिकेतली लढाई संपली, भाव उतरले, साहेब आपल्या देशी गेला. उन्हाळा आला. त्या दिवसांत मामाजी अडतीवर कमी आणि पाळण्यापाशी जास्त असत. पाण्याने भिजवलेला पंखा स्वतः हलवीत. सून त्यांच्यासमोर बसून बाळाच्या अंगावरून ओला फडका फिरवी.

पेरण्या आटोपल्यावर मी सासुरवाडीला गेलो. मूल ओसरीवर रांगत होते. मामाजी भिंतीला टेकून बसले होते, उन्हाळ्याने पार वाळलेले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि पहिल्यांदाच, आतल्या सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “यशवंता, ये बाप्पा.”

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.