एका खाटेचा बंगला

इंग्रज गेले, पण जाताना आमच्या मामंजींना बरोबर न्यायला विसरले. मी लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मामंजी अजून सकाळी उठून कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे पायमोजे चढवत. मद्रासमधल्या आमच्या मांबळमच्या उकाड्यात, घरात, पायमोजे!

मी सांगलीची. सासर तंजावरकडचं, पण मराठीच. म्हणजे लग्न ठरवताना तसं सांगितलं गेलं होतं. त्यांची मराठी ऐकताना पहिले काही महिने मला कोणीतरी पोथी वाचतंय असं वाटे, आणि मध्येच तमिळचा हिसका बसे. त्यांना माझी मराठी भांडखोर वाटायची. त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

मामंजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचा शेवटचा गोरा साहेब उन्हाळ्यात निलगिरीत जाऊन राही. एकदा सहीचे कागद घेऊन मामंजींना तिकडे पाठवलं होतं. साहेबानं त्यांना आत बोलावलं नाही. कागद दारातच घेतले, सह्या केल्या, परत दिले. तेवढ्या वेळात उघड्या दारातून मामंजींना जे दिसलं ते त्यांनी जन्मभर उराशी धरलं. लाकडानं मढवलेल्या भिंती, पेटलेली शेकोटी, तिच्यासमोर खुर्ची आणि खुर्चीत साहेब. आपला अपमान झाला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ही गोष्ट ते कौतुकानं सांगत, पाहुण्यांनासुद्धा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी निलगिरी नाही तर निदान एलगिरीच्या डोंगरावर जमिनीचा तुकडा घेतला आणि दोन उन्हाळे तिथे राहून घर उभं केलं. "स्वतःच्या हातांनी" हे शब्द ते इतक्यांदा म्हणत की शेजारच्या मुदलियारबाई त्यांची पाठ फिरली की हात वर करून दाखवत. दगड डोंगरावरच्या लोकांनी फोडले, कौलं त्यांनीच चढवली. पण मामंजींच्या तळहाताला घट्टे पडले होते, तेही खरं. भिंती आणि छप्पर झालं. आता राहिलं होतं आतलं काम, आणि ते डोंगरावरच्या सुतारांकडून करून घ्यायला मामंजी तयार नव्हते. ते लोक त्यांचं ऐकत नसत. तेव्हा घराचं आतलं सगळं मांबळममध्ये, आमच्या मागच्या अंगणात तयार करायचं आणि मग वर न्यायचं असं ठरलं.

ठरलं म्हणजे मामंजींनी ठरवलं. त्या घरात दुसरं कोणी काही ठरवत नसे.

अंगणात फणसाच्या फळ्यांचा ढीग येऊन पडला. सासूबाईंचे तांदळाचे सांडगे, ज्यांना तिकडे वडाम म्हणतात, ते वाळत घालायची ती जागा. वडाम गच्चीवर गेले, तिथे कावळे. कपडे वाळत घालायची दोरी गेली. विहिरीकडे जायचं तर फळ्यांवरून उड्या मारत. सगळ्या घरात लाकडाचा भुसा. भातात, अंथरुणात, देवाच्या समईत. आणि वॉर्निशचा वास असा, की सांबाराला कशाची फोडणी दिलीय ते मला ओळखू येईना.

एके दिवशी मामंजी पॉलिशपेपर घेऊन माझ्यासमोर आले. "तू सुम्मा बसलीच आहेस," म्हणाले.

सुम्मा म्हणजे उगाच, रिकामटेकडी. मी तेव्हा महिनाभराचे डाळ-तांदूळ निवडत होते. पण नवी सून, घेतला कागद. मग रोज दुपारी मी फळ्या घासायची. नवरा कचेरीतून आला की माझे भुशानं पिवळे झालेले हात बघायचा आणि म्हणायचा, "अप्पांचं मन मोडू नकोस." माझ्या मनाबद्दल त्याचं काय मत होतं ते मी विचारलं नाही. त्याचं कशाबद्दलच काही मत नसे.

सासूबाईंनी एकदाच तोंड उघडलं. मामंजी घराचा नकाशा पसरून बसले होते. सासूबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"स्वयंपाकघर हेच का?"

"हो."

"खिडकी कोठें?"

"लागत नाही. कॉटेजमध्ये स्वयंपाकघर लहानच असतं."

"धूर कोठून जाईल? आणि पीठ वाटायचा रगडा कोठें ठेवायचा?"

"रगडा?" मामंजी हसले. "तिथे काय हॉटेल काढायचंय?"

"इडली नको तुम्हास?"

"तिथे ब्रेड खायचा."

या माणसानं ताप आल्याखेरीज ब्रेडला कधी हात लावला नव्हता. आणि तापातसुद्धा तो रसमात बुडवून खाल्ला होता. सासूबाईंनी बोट उचललं, "सरी," म्हणाल्या आणि आत गेल्या. सरी म्हणजे बरं. त्यांच्या तोंडचा हा शब्द मी तेव्हा शरणागती समजत होते.

पोंगल झाल्यावर आम्ही निघालो: मामंजी, सासूबाई, नवरा आणि मी. घरात पहिलं दूध उकळायचं होतं, त्याला घरची बाई हवीच. म्हणून सासूबाईंना पहिल्यांदा बोलावणं होतं. जोलारपेट्टैपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी, आणि डोंगर चढायचा पायी, कारण तेव्हा वर जायला रस्ता नव्हता. फळ्या माणसांच्या डोक्यांवरून चालल्या होत्या. मामंजी पुढे, पायमोजे आणि बूट घालून, दर वळणावर मागे वळून "सावकाश! पॉलिश जाईल!" असं ओरडत. सासूबाई अनवाणी, दुधाचं भांडं स्वतःच्या हातात घेऊन, एकदाही न बसता वर पोचल्या.

घर बाहेरून वाईट नव्हतं. तेवढं मी मान्य करते. दगडाच्या भिंती सरळ होत्या, समोर दरी होती, हवा अशी की मांबळमची माणसं बावरून जावीत.

मग आम्ही आत फळ्या बसवायला लागलो. फणसाचं लाकूड ओलसर होतं, मद्रासच्या दमट हवेत फुगलेलं. वरच्या कोरड्या हवेत ते आकसलं. दोन फळ्या शेजारीशेजारी ठोकल्या की मध्ये बोट जाईल एवढी फट. काही फळ्या तर वाकून पापडासारख्या उचलल्या होत्या. मामंजी फटींकडे न बघता ठोकत राहिले. "दुरून दिसत नाही," म्हणाले. खोलीची लांबी दहा पावलं. दुरून म्हणजे कुठून बघायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. शेकोटी पेटवून पाहिली तर सगळा धूर आत आला. नवरा खोकत बाहेर गेला आणि "छान जमलंय अप्पा" असं बाहेरूनच म्हणाला.

सामान लावायचं काम माझ्याकडे आलं. एक खाट होती, अरुंद, एका माणसाची. एक खुर्ची, मोठ्या हातांची. तिच्याशेजारी एक लहान टेबल. दारामागे एक खुंटी. मी फडताळाची फळी भिंतीला धरून उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की आता आणखी काही यायचं उरलेलं नाही. पुढे-मागे बघितलं. खरंच नव्हतं.

"मामंजी," मी विचारलं, "बाकीच्या खाटा मागून यायच्या आहेत का?"

"बाकीच्या कुठल्या?"

त्यांनी हे अगदी सरळपणानं विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. एवढे महिने त्यांनी कागदावर रेघा मारल्या, फुटपट्टीनं मोजलं, आणि त्या घरात दुसऱ्या माणसाचं अंग कुठे टेकेल हा विचार त्यांच्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता.

सासूबाई दारात होत्या, हातात दुधाचं भांडं. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, सावकाश. खाट, खुर्ची, खुंटी.

"आम्ही कोठें निजायचं?"

"तुम्ही काय, येऊन जाऊन असणार," मामंजी म्हणाले. "खाली अंथरूण पसरायचं. मला इथे जरा शांतता हवी."

"सरी," सासूबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात धुरानं डोळे फुटले असते, म्हणून त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, दूध उतू जाऊ दिलं, साखर घातली आणि पहिला पेला मामंजींना दिला. ते खुर्चीत बसून प्यायले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्या मला म्हणाल्या, "मुली, चल." नवऱ्याला म्हणाल्या, "तूही." मामंजींच्या पुढ्यात तांदूळ, डाळ आणि लोणच्याची बरणी ठेवली आणि निघाल्या.

"अगं, पण..." मामंजी म्हणाले.

"शांतता हवी ना?"

उतरताना नवरा पुढे, सासूबाई आणि मी मागे. मी मनातल्या मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होते. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "ह्यांना माझ्यापासून सुट्टी हवी होती, तर मांबळममध्येच सांगायचं. मी तरी कोठें रोज ह्यांना बघून धन्य होत होते?" आणि इतक्या जोरात हसल्या की पुढे चाललेला माझा नवरा दचकून वळला. मला त्या बाईबद्दल पहिल्यांदा जी माया वाटली, ती तोवर त्या घरात कोणाबद्दल वाटली नव्हती.

मामंजी आठवडाभरानं परत आले. दाढी वाढलेली, नाक गळतंय, आवाज बसलेला. "बँकेत काम निघालं," म्हणाले. त्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी त्यांना गरम रसम-भात वाढला, कोणी काही विचारलं नाही. एकटं राहवत नाही हे सांगण्यापेक्षा त्यांना फुप्फुसं गेलेली परवडली असती.

उन्हाळा आला तेव्हा सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं, "मी डोंगरावर जाते. माझ्या बहिणी येतात, आणि ही येते."

"मग मी?" मामंजींनी विचारलं.

"तुम्ही राहा. घरात एकही बाई नसणार. शांतता."

तंजावरहून त्यांच्या दोघी बहिणी आल्या. थोरली विधवा, धाकटीला नवरा होता पण ती तसं वागत नसे. आम्ही चौघी वर गेलो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी खालच्या वस्तीतून गवंडी बोलावला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकी पाडायला लावली. मग भिंतींवरच्या फळ्या उपटल्या. मी घासलेल्या, पॉलिश केलेल्या माझ्या फळ्या! मला वाटलं वाईट वाटेल; पण पहिला खिळा कर्रकन निघाला तेव्हा मी धाकटीच्या हातून पकड घेतली आणि पुढचे सगळे मीच काढले. फळ्यांचा, भिंतीच्या कडेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओटा केला, बसायला-निजायला. दगडी भिंतींना चुना दिला. खोली एकदम उजळली आणि दुप्पट मोठी दिसायला लागली. शेकोटीचं धुराडं वरून बंद केलं आणि आत लोणच्याच्या बरण्या ठेवल्या; गार जागा, उत्तम. रगडा डोंगरावरच मिळाला. दोघा माणसांनी तो ढकलत आणला आणि त्याच्यापुढे धाकटीनं कुंकू वाहिलं.

शांतता मात्र अजिबात नव्हती. त्या तिघी बहिणी सकाळपासून बोलत. मला अर्धं कळायचं, उरलेलं त्यांच्या हसण्यावरून ओळखायची.

चुना वाळायच्या आत मामंजी येऊन दाखल झाले. न कळवता, डोंगर चढून, घामाघूम. आत आले, बघत राहिले.

"हे काय केलंत?"

"पुरं केलं," सासूबाई रगड्यावरून मान न उचलता म्हणाल्या. "पाय धुवा. इडली होतेय."

"माझी खुर्ची?"

खुर्ची बाहेर उन्हात होती आणि तिच्यात पाय वर घेऊन धाकटी शेंगा सोलत बसली होती. ती उठली नाही. मामंजींनी दुसरी खुर्ची शोधली. मग ओट्यावर बसले, आमच्यासारखे, भिंतीला पाठ लावून. पायमोजे काढले. नऊ इडल्या खाल्ल्या. ब्रेडची आठवण त्यांना कोणी करून दिली नाही. मला फार मोह झाला होता. त्यानंतर दर उन्हाळ्यात ते आमच्याबरोबर येत आणि ओट्याच्या दाराकडच्या टोकाला, सासूबाई सांगतील तिथे झोपत.

पुढे डोंगरावर रस्ता झाला, मोटारी यायला लागल्या, मद्रासचे पाहुणे येऊ लागले. मामंजी त्यांना घर दाखवत. "ही खिडकी बघा," म्हणत, "स्वयंपाकघरात उजेड हवा हे माझं पहिल्यापासूनचं मत." सासूबाई कॉफीचे पेले घेऊन जवळून जात आणि एक शब्द बोलत नसत. मला हे कधी जमलं नाही. मी खोकायची.

आता दोघंही नाहीत. परवा माझा नवरा नातवंडांना सांगत होता की त्यांच्या पणजोबांनी ते घर पणजीसाठी बांधलं, तिला डोंगराची फार हौस म्हणून. मी दोन वाक्यं ऐकून घेतली. तिसऱ्याला मी खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसले आणि त्याला म्हटलं, "तुम्ही थांबा. मी सांगते."