साडेपाच ते सहा

बावन्नाव्या वर्षी मी गिटार शिकायला लागले तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. हे नुसते हसायचे. "रॉकस्टार, चहा टाका," म्हणायचे. मी टाकायचे आणि गिटार तशीच पलंगावर पडून राहायची.

आठ महिने असेच गेले. रोज तेच गाणं पहिल्यापासून वाजवायचं, एफ कॉर्डला अडखळायचं, की परत पहिल्यापासून. येत होतं तेवढंच घोटत होते. मी शाळेत गणित शिकवते. आलेलीच गणितं परत परत सोडवणाऱ्या पोरांना मी काय काय बोलते, ते इथे लिहीत नाही.

मग ठरवलं. शाळेतून आल्यावर साडेपाच ते सहा, दार लावून. पहिली पंधरा मिनिटं फक्त सीवरून एफ, एफवरून सी, अगदी सावकाश. गाणं शेवटी, वेळ उरला तर. क्लास रविवारी सकाळी, म्हणून डाव्या हाताची नखं शनिवारी कापायची. "शनिवारी कुणी नखं कापतं का?" सासूबाईंनी विचारलं. "मी कापते," म्हटलं.

एकदा माझी मोठी नणंद येवल्याहून न कळवता आली. पावणेसहा झाले होते. यांनी दार वाजवलं, "ताई आलीये."

"पाणी द्या, सहाला येते," मी आतून सांगितलं.

आमच्याकडे पाहुण्याला पाणी सुनेनंच द्यायचं असतं, हे मला काय माहीत नव्हतं? उठावंसं फार वाटत होतं. पण आज उठले तर उद्यापासून हा अर्धा तास माझा राहणार नाही, हेही कळत होतं. चिडून बोटं आणखी दाबली. एफ वाजली, सहाच्या सहा तारा स्वच्छ. परत वाजवली, परत तशीच वाजली.

बाहेर आले तर ताई चहाही न घेता स्टँडवर गेलेल्या. यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. "माफी माग."

"ताई, तुम्हाला ताटकळत ठेवलं त्याचं वाईट वाटतं," मी म्हटलं. "उठले नाही त्याचं वाटत नाही."

त्यांनी फोन ठेवला. यंदा भाऊबीजेलाही आल्या नाहीत. हे त्याचं खापर माझ्यावर फोडतात. फोडू देत. ते माझंच आहे.